काडी मोडल्यावर वाटा कुणाचा?

लग्न मोडण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही : काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, घटस्फोट. आज न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत यांतला अखेरचा शब्द प्रतिष्ठित झाला आहे. गंमत अशी, की तो मुळात विवाहाशी संबंधित नव्हताच. धर्मशास्त्रात पतिताला जातीबाहेर टाकताना दासीकडून पाण्याचा घडा लवंडवीत आणि तो माणूस मेला असे समजून क्रिया करीत. त्याच्याशी बोलणे-बसणे बंद, आणि वारशातला वाटाही बंद, असे मनुस्मृतीचा अकरावा अध्याय सांगतो. म्हणजे वाटा नाकारणे हे ‘घटस्फोट’ या शब्दाच्या पोटातच आहे. त्यामानाने ‘फारकत’ हा शब्द व्यवहारी वाटतो; देणेघेणे मिटल्याचा लेख असा त्याचा मूळ अर्थ. पण मिटायचे ते देणेघेणे कुणाचे?

हा प्रश्न कोरपन्यासारख्या ठिकाणी जास्त टोकदार होतो. कोरपना जुन्या राजुरा तालुक्यातले. वर्धा नदीपलीकडचा हा मुलूख निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याला. त्यामुळे मुंबई इलाख्याने १९४७ मध्ये केलेला हिंदू घटस्फोटाचा कायदा इथे कधी लागूच झाला नाही. हा भाग मुंबई राज्यात आला तोवर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने तो रद्दही केला होता.

या नव्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. कलम २९ने रूढीने चालत आलेला काडीमोड शाबूत ठेवला. आणि कलम २(२)ने, केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना कायद्याबाहेर ठेवले. गोंड आणि कोलाम यांचे विवाह त्यामुळे रूढीवर आणि पंचांवरच राहिले. रूढी उदार होती, असे आपण नागर लोक कौतुकाने म्हणतो. स्त्रीला बाहेर पडता येई, पुन्हा घर मांडता येई, हे खरेच. परंतु रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात गोंडांविषयी जे नोंदले आहे तेही वाचावे : बायको दुसऱ्याकडे गेली, तर त्याने पहिल्या नवऱ्याला लग्नाचा खर्च भरून द्यायचा. हिशेब होई, पण तो दोन पुरुषांमध्ये. तिने इतकी वर्षे केलेली निंदणी, वेचणी, सरपण, पाणी यांना त्यात रकाना नव्हता.

छापील कायद्यातही तो नाही. कलम २७ लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरते बोलते. संसारात उभ्या राहिलेल्या शेताबद्दल ते मौन पाळते. पोटगी आहे, पण पोटगी म्हणजे वाटा नव्हे. वेगळा करार नसेल तर पतिपत्नीची मिळकत सामाईक मानण्याची पद्धत गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आली आणि टिकली. उरलेल्या देशात घटस्फोटानंतर पत्नीला स्थावरात वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले. पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाली आणि ते लयाला गेले.

शेताचा विचार कायदेपंडितांआधी शेतकऱ्यांनी केला, हे नोंदवायला हवे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावी १९९०च्या सुमारास नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. राजुरा हा तर संघटनेचा बालेकिल्ला. वामनराव चटप इथूनच आमदार झाले. मात्र हे दान होते, हक्क नव्हे. चांगल्या नवऱ्याची बायको सात-बारावर आली. जिला खरी गरज, ती बहुधा बाहेरच राहिली असणार.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला : वगळण्याची रूढी सिद्ध झाली नाही, तर समानताच धरायची. तो वाटा माहेरचा होता.

सासरच्या जमिनीचा प्रश्न वनहक्क कायद्याने नकळत उभा केला आहे. २००६च्या या कायद्यानुसार विवाहितांचा पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे होतो. हिंदू विवाह कायद्याने ज्यांना बाहेर ठेवले, त्याच कोलाम-गोंड स्त्रियांना हे संयुक्त नाव मिळाले. पट्टा वारसाने मिळतो, विकता वा हस्तांतरित करता येत नाही, इतके कलम ४(४)मध्ये आहे. जोडपे वेगळे झाले तर कसायचे कुणी, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.