मोकळी जागा (संकेतस्थळाची मांडणी)

संकेतस्थळाच्या पानावर मजकूर, चित्रे आणि बटणे यांच्याभोवती व त्यांच्या दरम्यान जाणीवपूर्वक कोरा ठेवलेला भाग. व्यवसायात ‘व्हाइट स्पेस’ हे नाव रूढ आहे. तिचा रंग मात्र कोणताही असू शकतो. समास आणि विभागांमधली अंतरे ही तिची मोठी रूपे, तर अक्षरे, शब्द व ओळी यांमधली अंतरे ही सूक्ष्म रूपे. मराठी पानाची वाचनीयता मुख्यतः या सूक्ष्म अंतरांवर ठरते.

पूर्वपीठिका : कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानकाळातील मोडी कागदपत्रे आहेत. मोडी लिहिताना प्रथम पानभर आडवी रेघ ओढत व तिच्याखाली अक्षरे एका झपाट्यात लिहीत. शब्दांमध्ये अंतर नसे, विरामचिन्हेही नसत. डोळ्याला विसावा मिळे तो समासात आणि ओळींच्या मधल्या पट्ट्यात. शब्द सुटे दिसण्याची सवय छपाईने रुजवली. वेबच्या आरंभी अंतर राखण्याचे साधनच तोकडे होते: ओळीने दिलेल्या कितीही स्पेस ब्राउझर एकच धरतो. त्यामुळे अदृश्य तक्ते आणि एका पिक्सेलची पारदर्शक चित्रे ताणून जागा अडवली जाई. डिसेंबर १९९६ मध्ये पानाची मांडणी ठरवणाऱ्या ‘सीएसएस’ या भाषेची पहिली शिफारस आली आणि मार्जिन, पॅडिंग, लाइन-हाइट ही मापे हाती आली.

देवनागरीतील प्रश्न : रोमन लिपीसाठी ठरलेली मापे मराठीला जशीच्या तशी लावणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक होय. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार येतात, तर खाली उकार, ऋकार आणि उभी जोडाक्षरे. वरच्या ओळीत ‘राष्ट्रकुल’ आणि त्याच्या नेमके खाली ‘सर्वांनी’ आले, की ओळींचे अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट असताना ‘ष्ट्र’चा तळ आणि रफार-अनुस्वार एकमेकांना भिडू लागतात. १.६ ते १.८ पट अंतर बहुतेक फाँटांना मानवते. तरी प्रत्येक फाँटची उंची वेगळी असल्याने ते डोळ्यांनी तपासावेच लागते. माप एककाशिवाय लिहावे, म्हणजे मोठ्या अक्षरातील मथळ्यालाही ते त्याच प्रमाणात लागू होते.

अक्षरांमधले अंतर वाढवणे शक्यतो टाळावे, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. दोन्ही कडा जुळवलेल्या अरुंद स्तंभात ‘महानगरपालिकेकडून’सारखा शब्द पुढच्या ओळीत गेला, की मागे उरलेल्या शब्दांत भगदाडे पडतात. अशा ठिकाणी उजवी कड मोकळी सोडणे इष्ट.

गटबांधणी : जवळच्या गोष्टी एकत्र, लांबच्या वेगळ्या, अशी नजर आपोआप वाटणी करते. म्हणून मथळ्याच्या वरचे अंतर खालच्यापेक्षा जास्त हवे. दोन्ही सारखी ठेवली, तर मथळा आधीच्या परिच्छेदाचा की नंतरच्या, हे कळत नाही. विक्रीच्या पानांवर हेच तत्त्व चित्रांना लागू पडते. उदाहरणार्थ, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल. तिचे मोल वेणीच्या विणीत, कानांच्या आकारात आणि तळव्याच्या शिलाईत आहे. कोऱ्या पार्श्वभूमीवर, चहूबाजूंनी जागा राखून ठेवलेल्या एकाच जोडाच्या छायाचित्रात ही कारागिरी दिसते. किंमत, सवलत आणि नक्षीदार चौकट चित्राला चिकटवली, की ती झाकोळते.

मोबाईल : लहान पडद्यावर समास अरुंद होतात, पण ओळींतले अंतर कमी करू नये.

संशोधन व मानके : अमेरिकेतील विचिटा स्टेट विद्यापीठात २००४ मध्ये झालेल्या प्रयोगात समास असलेला मजकूर वाचकांनी सावकाश वाचला, पण तो त्यांना अधिक समजला; ओळींतल्या अंतराचा मात्र तसा परिणाम आढळला नाही. प्रयोग इंग्रजी मजकुरावर होता, त्यामुळे हा दुसरा निष्कर्ष देवनागरीला लावता येत नाही. वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीच्या २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मानकानुसार वाचकाने ओळींचे अंतर अक्षराच्या आकाराच्या १.५ पट आणि परिच्छेदानंतरचे २ पट केले, तरी पानावरील मजकूर कापला जाता कामा नये. अक्षरे व शब्द यांच्या अंतरांसाठीही त्यात मापे आहेत. मात्र एखादी लिपी यांपैकी जे माप वापरत नाही, त्यातून तिला सूट आहे. मराठी पानासाठी १.५ पट ही किमान मर्यादाच समजावी.