लांडग्याची पावले : प्रत्यक्ष की अनुमान?

१/ एके सकाळी गावाच्या रस्त्यावरील धुळीत लांडग्याची पावले उमटलेली दिसली. विद्वानांनी निर्णय दिला : रात्री अरण्यातून लांडगा आला होता. वस्तुतः एका चार्वाकाने ती पावले आपल्या बोटांनी उमटवली होती. विद्वानही कसे फसतात, हे त्याला पत्नीला दाखवायचे होते.

२/ ८व्या शतकातील जैन आचार्य हरिभद्रांच्या ‘षड्दर्शनसमुच्चया’त या पावलांचा उल्लेख येतो, कथा टीकाकार सांगतात. चार्वाकांच्या मते प्रत्यक्ष हेच प्रमाण. पावले सर्वांनी पाहिली होती, लांडगा कोणीच नाही.

३/ नैयायिक अनुमानही प्रमाण मानत. डोंगरावर धूर आहे, म्हणजे अग्नी आहे. याचा आधार ‘व्याप्ती’ : जेथे धूर, तेथे अग्नी. ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकांचा आक्षेप असा मांडला आहे : भूत-भविष्यातला, सर्व स्थळांचा धूर कोणी पाहिला? व्याप्ती अनुमानाने सिद्ध करावी, तर त्या अनुमानाला पुन्हा दुसरी व्याप्ती लागते.

४/ १०व्या शतकातील उदयनाचार्यांचे ‘न्यायकुसुमांजली’तील उत्तर मार्मिक आहे. न दिसणारे नाहीच, असे मानले तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुले दिसत नाहीत. मग त्याने त्यांचा शोक करावा काय? ज्या शंकेमुळे आपलाच व्यवहार खोटा ठरतो, तेथे शंकेची मर्यादा संपते.

५/ मात्र सर्वच चार्वाक इतके टोकाचे नव्हते. पुरंदर या चार्वाक विचारवंताचे मत बौद्ध आचार्य कमलशीलांनी ८व्या शतकात नोंदवले आहे : लोकव्यवहारातील अनुमान मान्य, लौकिकाची सीमा ओलांडणारे अमान्य. धुरावरून अग्नी जाणता येईल, कारण तो जाऊन पाहता येतो. परलोकाचे तसे नाही.

६/ म्हणजे वाद केवळ इंद्रिये आणि बुद्धी यांचा नव्हता. ज्याची पडताळणी कोणालाच करता येत नाही, त्याविषयी विद्वानांचा शब्द अंतिम मानावा काय, हा खरा प्रश्न होता. श्राद्ध आणि यज्ञफल यांवरील चार्वाकांची टीका याच प्रश्नातून आली.

७/ चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांची मते आपल्याला कळतात ती बहुतांशी प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून. त्यामुळे त्यांच्या इतिहासकाराला अनुमानावाचून गत्यंतर नाही. आणि समोरची पावले कोणाच्या बोटांनी उमटली, हे तपासल्यावाचूनही नाही.