दरीचे जाणकार

सह्याद्रीच्या दऱ्यांचा विषय निघाला की आपण हिरवाईचे आणि धबधब्यांचे कौतुक करू लागतो. परंतु कर्जत-खालापूरच्या मुलखात उभे राहून वर कड्यांकडे पाहिले, म्हणजे ध्यानात येते की या दऱ्या नुसत्या डोळ्यांच्या चैनीसाठी नाहीत. देश आणि कोकण यांच्यामधले हे दरवाजे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा काळा कातळ झाला, पाण्याने तो चिरत नेला आणि त्या चिरांतून माणसाने वाटा काढल्या. दरवाजा म्हटला की किल्ली कुणाजवळ, हा प्रश्न आलाच. या भागात मी हिंडलो तो हाच प्रश्न मनात घेऊन.

कर्जतहून कोंदिवड्याला जाऊन उल्हास नदीच्या दरीत शिरले की राजमाचीच्या पोटात, गर्द झाडीत, कोंडाण्याची लेणी लागतात. दोन हजार वर्षांहून जुनी. लाकडी घराची सारी घडण कारागिरांनी दगडात उतरवली आहे. पावसाळ्यात दर्शनी कमानीवरून पाण्याची धार कोसळते. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत लहानसा लेख आहे : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. राजाचा उल्लेख नाही. करणाऱ्याचे नाव तेवढे आहे. मला ते फार आवडले.

खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळची उंबरखिंड म्हणजे दुसरा दरवाजा. शाइस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता. कोकण जिंकण्यासाठी त्याने कारतलबखानाला धाडले. सोबत माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन होती. लोणावळ्याच्या अंगाने कुरवंड्याच्या घाटातून फौज खाली उतरली ती या अरुंद वाटेत. फेब्रुवारी १६६१. दोन्ही अंगांच्या रानात शिवाजीमहाराजांचे मावळे दबा धरून बसले होते. पुढे जाता येईना, मागे वळता येईना, प्यायला पाणी मिळेना. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली, आणि खंडणी घेऊन महाराजांनी त्याला जाऊ दिले. अंबा नदीकाठच्या स्मारकापाशी उभे राहून मी भोवतालचे डोंगर न्याहाळले. संख्येचे आणि तोफांचे बळ इथे का लटके पडले, हे सांगायला ग्रंथ लागत नाही. झाडी कुठे दाट आणि वाट कुठे चिंचोळी, हे ज्याला ठाऊक, त्याच्याच हाती इथली किल्ली.

तिसरा दरवाजा बोरघाट. माल्कम गव्हर्नर असताना, १८३० साली, येथून चाकांच्या गाड्यांचा रस्ता झाला. मग आगगाडी आली. १८५६ च्या आरंभी काम निघाले, १८६३ साली पुरे झाले. सुमारे सोळा मैलांत १८३१ फूट चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुरे करवून घेतले. १८६१ साली एका वेळी बेचाळीस हजार मजूर या डोंगरात खपत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले कितीतरी येथेच राहिले. अॅलिसबाईंचे नाव ग्रंथांत सापडते. मजुरांची मात्र संख्याच तेवढी सापडते.

त्यांच्या वतीने लोकांनीच एक नाव राखले आहे. घाटाच्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. डोंगर चढायची वाट साहेबांना सापडेना, ती या धनगराने आपली जनावरे हाकत दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. इतिहास म्हणून ती घेऊ नये. पण गाडीवान आजही तिथे हात जोडतो, नाणे टाकतो. बलकाने आपले नाव स्वतः कोरले. शिंग्रोबाचे लोकांनी कोरले.

वाचकहो, घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावतात. ती लागेपर्यंत वडा खाऊन घ्यावा. मग पहिला बोगदा आला की पोरांना शिंग्रोबाची कथा सांगावी, आणि त्या बेचाळीस हजारांचा आकडाही.