जंगल मांडायचे कोणी?

धुळ्याकडून सुरतेच्या वाटेने कोंडाईबारीचा घाट उतरला की आमचे विसरवाडी लागते. घाटाच्या पलीकडे साक्री तालुका. त्या तालुक्यात बारीपाडा नावाचा कोकणा आदिवासींचा एक लहानसा पाडा आहे. तिथे २००४ पासून वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. कृषी प्रदर्शनात बैलजोडीला, उसाला, कणसाला बक्षीस देण्याची रीत आपल्याला परिचयाची आहे. जंगलाचे काय? ते प्रदर्शनात मांडायचे कसे आणि बक्षीस द्यायचे कोणाला? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्यांपैकी तीन उत्तरे इथे तपासावीत, असा माझा विचार आहे.

पहिले उत्तर सरकारी वनखात्याचे. पश्चिम खानदेश आणि डांगच्या सागावर इंग्रजांची नजर फार लवकर गेली. डांगच्या भिल्ल राजांकडून त्यांनी १८४२-४३ मध्ये जंगलाचे पट्टे लिहून घेतले, ते याच लाकडासाठी. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस यांच्या हाताखाली हिंदुस्थानचे वनखाते उभे राहिले. पाठोपाठ १८७८ चा कायदा आला. त्याने जंगलाची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी प्रतवारी केली. ग्रामवन बव्हंशी कागदावरच राहिले.

नेमका हाच काळ प्रदर्शनांचाही होता. सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने १८६५ मध्ये नागपुरात मोठे प्रदर्शन भरले. १८८४ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे खास वनविद्येचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन झाले आणि त्यात हिंदुस्थानातील लाकडाचे व वनोपजांचे नमुने मांडले गेले. पुढे १८८६ मध्ये लंडनमध्ये वसाहतींचे भव्य प्रदर्शन भरले. तिथे हिंदी कारागीरही आणून बसवले होते, आणि त्यांतले बरेच जण आग्ऱ्याच्या तुरुंगात कसब शिकलेले होते. लाकडाची फळी आणि हाडामांसाचा माणूस हे दोन्ही तिथे बघण्याच्या वस्तू होत्या. बघणारा, तोलणारा आणि शेरा देणारा मात्र वेगळाच.

फळी पाहून पुष्कळ कळते. रेषा कळते, वजन कळते, खांबाला चालेल की गाडीच्या चाकाला तेही कळते. पण त्या झाडाखाली पावसाळ्यात काय उगवते, त्याची पाने कोणत्या महिन्यात गुरे खातात, दुष्काळात त्याच्या आसपास कोणता कंद खणायचा, हे फळी सांगत नाही. अशा प्रदर्शनाने पाहणाऱ्याला एक सवय लावली : जंगल म्हणजे इमारती लाकूड. उरलेले सारे ‘गौण वनोपज’. हा ‘गौण’ शब्द आजही सरकारी कागदात टिकून आहे. मोहाच्या फुलांवर ज्या घरांचा उन्हाळा निघत असे, त्यांच्या लेखी ते कधीच गौण नव्हते. एडिंबऱ्याच्या आदल्याच वर्षी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्याने गायराने आणि रानमेवा कसा हिरावला याची तक्रार मांडली होती. एकाच काळातल्या या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात, असे मला वाटते.

दुसरे उत्तर स्वातंत्र्यानंतरचे. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या सुरू झाल्या. कूपतोडीत ठेकेदाराऐवजी तोडणाऱ्या आदिवासीला वाटा मिळावा, हा त्यामागचा चांगला हेतू. १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला आणि वृक्षारोपण हा सार्वजनिक सोहळा झाला. फळीची जागा रोपाने घेतली. रोप मोजायला सोपे, म्हणून स्पर्धा आकड्यांची झाली. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी, पुढच्या वर्षी ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे ठरली. रोपे लावणे चुकीचे नाही. पण या मोजणीतही जंगल जाणणाऱ्या माणसाला परीक्षा देण्याची संधी नव्हती. खड्डा खणायला मात्र त्याला बोलावले गेले.

तिसरे उत्तर बारीपाड्याचे. १९९० च्या सुमारास तिथले डोंगर उघडे पडले होते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, मोडणाऱ्याला दंड बसवला आणि सुमारे १,१०० एकर जंगल राखले. या कामासाठी पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. वनभाजी स्पर्धेची सुरुवात मॅनिटोबा विद्यापीठातील संशोधक शैलेश शुक्ला यांच्या अभ्यासातून झाली. बाया जंगलातून भाज्या आणतात, रांधतात आणि मांडतात. भाजी कुठे मिळते, केव्हा खुडायची, कशी शिजवायची, हे त्यांनाच ठाऊक असते. शेवळे नीट शिजवले नाही, त्यात आंबट पडले नाही, तर घसा खाजतो. कडू कंद उकडून वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय तोंडात घालता येत नाही. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, कोवळे असतानाच काढावे लागतात. इथे चूक झाली तर ती चवीपुरती राहत नाही, अंगाशी येते. म्हणून ताटातली भाजी हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रयोगाचे फलित आहे, असे मी मानतो. मांडणारी आणि जाणणारी व्यक्ती इथे एकच आहे. आधीच्या दोन उत्तरांपेक्षा हे उत्तर वेगळे ठरते ते इथे.

तरीही या स्पर्धेकडे भाबडेपणाने पाहू नये. आमच्या नवापूर तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये. त्या वेळी मूल फडावर असेल, तर मोहाची ओळख त्याला कोण करून देणार? आणि जंगलात जाण्याचा हक्कच नसेल, तर आईचे ज्ञान असूनही उपयोग नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर पारंपरिक मालकी मान्य केली आहे. बक्षिसाला अर्थ यायचा असेल तर तो या कायद्याच्या अंमलबजावणीतून येईल.

अलीकडे ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात, शहरातले लोक हौसेने जुड्या विकत घेतात. त्यातून बाईच्या हाती चार पैसे येतात, ही चांगली गोष्ट आहे. पण जुडी विकली गेली की तिच्यामागचे ज्ञान गिऱ्हाइकाबरोबर जात नाही. ते रांधणारीकडेच राहते. तिला विकणारी न म्हणता जाणकार म्हणायचे, तर वनखात्याच्या आणि कृषी खात्याच्या प्रदर्शनांत तिला परीक्षकाच्या खुर्चीवर बसवले पाहिजे. बारीपाड्याच्या पंगतीवरून ते अशक्य आहे असे मला तरी वाटत नाही.