दोन्ही हातांनी घ्यायची नोट

आमच्या घरी नोट दोन्ही हातांनी घ्यायची पद्धत होती. देणाऱ्यानंही ती दोन्ही हातांनी द्यायची, मग एक रुपयाची असो नाहीतर शंभराची. बोटाला थुंकी लावून मोजायची नाही, चुरगळून मुठीत धरायची नाही, आणि वॉटरमार्कच्या कोऱ्या जागेवर पेन टेकवायचं तर नावच काढायचं नाही. बँकेतून आलेल्या नोटेवर कुणी आकडे खरडलेले दिसले की आप्पा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसायचे. "माणसांनी केलीय रे ती," एवढंच म्हणायचे.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटछपाईला होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील, आमचे तात्या, तेही तिथंच. तात्या मला आठवतात ते ओसरीवरच्या खाटेवर बसलेले, हातात सुपारीचा अडकित्ता आणि तोंडात गोष्ट. सिन्नरच्या अंगाला त्यांची कोरडवाहू जमीन होती आणि खाणारे भाऊ चार. तेव्हा नाशिकरोडला सरकारी छापखान्यात माणसं घेतायत असं बाजारात कळलं आणि तात्या चालत आले. साल १९२८ की २९, यावर आत्याचं आणि काकांचं अजून एकमत नाही. प्रेसच्या बाजूनं मात्र हिशेब पक्का आहे. टपालाची तिकिटं १९२५ च्या सुमाराला तिथं छापायला लागली, १९२८ मध्ये नोटांचा छापखाना उभा राहिला आणि १९३२ पर्यंत देशाच्या झाडून सगळ्या नोटा नाशिकला निघू लागल्या. तोवर त्या इंग्लंडात छापून बोटीनं यायच्या. नाशिकच का, असं विचारलं की तात्या म्हणायचे, "हवा कोरडी, कागदाला मानवते. रेल्वे दारात. आणि मुंबई हाकेच्या अंतरावर." सरकारनं काय कारण मांडलं असेल ते असो, आमच्या घरात तात्यांचंच चालतं.

तात्यांचे एक चुलते नाशकात एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. त्यांच्या तोंडची एक गोष्ट तात्या फार रंगवून सांगायचे. सरकारनं १८६१ च्या कायद्यानं नोटा काढायचा अधिकार आपल्याकडे घेतला, तेव्हापासूनच्या त्या जुन्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या असत, मागची बाजू कोरी पांढरी. शिवाय मुलखाचे भाग पाडलेले, मुंबईची नोट मुंबईच्या भागात, कलकत्त्याची तिकडे. हे बंधन सुटायला १९०३ पासून १९११ पर्यंतचा काळ गेला. मोठी रक्कम टपालानं पाठवायची तर वाटेत चोरीची धास्ती. म्हणून नोट मधोमध कापायची, एक अर्धुक आधी पाठवायचं आणि ते पोचल्याचं पत्र आलं की मग दुसरं. एका पावसाळ्यात मुंबईहून ते पोचल्याचं पत्र काही येईना. घाटात दरड कोसळली होती म्हणे. शेठ तीन दिवस जेवला नाही, नुसतं ताक पीत राहिला, आणि चुलते उरलेलं अर्धुक कमरेच्या कशात बांधून झोपले. चौथ्या दिवशी टपाल आलं तेव्हा शेठनं सगळ्या कारकुनांना पेढे वाटले. कधी कधी तात्या पेढ्यांच्या जागी जिलबी सांगायचे. आम्ही दोन्हीला होकार भरायचो.

पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला आणि ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट निघाली. पाठोपाठ अडीच रुपयांचीही. तात्यांची आई ती नोट घ्यायलाच तयार नव्हती. तिला रुपया दगडावर टाकून त्याचा आवाज ऐकायची सवय. "वाजत नाही तो रुपया कसला?" म्हणून तिनं कांदे घ्यायला आलेल्या माणसाला परत पाठवलं. पुढे तिचाच मुलगा नोटा छापायला लागला, तरी म्हातारी शेवटपर्यंत पैसे म्हणजे नाणीच मानत राहिली. तात्यांचा पगार आला की त्यातल्या काहींचे तिला आधी चांदीचे रुपये करून द्यावे लागत.

आप्पा प्रेसमध्ये लागले ते दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. रिझर्व्ह बँक १९३५ ला निघाली होती आणि तिच्या नावाची पहिली नोट, पाच रुपयांची, १९३८ मध्ये बाहेर पडली, सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली. त्या चित्रात राजा एका बाजूला बघतोय. युद्धात जपान्यांनी खोट्या नोटा पसरवल्या, तेव्हा राजाचा चेहरा समोर वळवला आणि कागदात सुरक्षेचा धागा घातला. आप्पा त्याला तारच म्हणायचे. १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, त्या खुर्चीवरचे पहिले भारतीय. त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. नोटेवर राजा इंग्रजांचा, पण खाली सही आपल्या कोकणातल्या माणसाची, याचं आमच्या घरी भारी अप्रूप होतं. पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद सोडलं, त्या रात्री आप्पांनी पाकिटातली त्यांच्या सहीची नोट काढून देवापाशी ठेवली होती. ती बरेच दिवस तिथं होती, असं आत्या सांगते.

पण आप्पांच्या सगळ्या गोष्टींतली जी मला कधी विसरता येत नाही ती १९४८ ची. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःच्या नोटा नव्हत्या. ठरलं असं की नाशिकनंच छापून द्यायच्या. नोटा आपल्याच, राजाचं चित्र तेच, वर इंग्रजीत गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान आणि खाली उर्दूत हुकूमत-ए-पाकिस्तान एवढी अक्षरं जास्तीची. त्या एप्रिलपासून तिकडे चलनात आल्या. त्यातल्या काहींवर सही चिंतामणरावांचीच. आप्पा सांगायचे, पहिले कागद यंत्रातून बाहेर आले तेव्हा सगळे भोवती गोळा झाले आणि कुणालाच उर्दू वाचता येईना. मग मालेगावकडचे एक चाचा होते, शाईच्या कामावर, त्यांना पुढं बोलावलं. त्यांनी कागद उजेडात धरला, ओठ हलवून वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." त्यांचे दोन भाऊ तेव्हा कराचीला निघून गेले होते. चाचांना आपण राहायचं की जायचं, अजून ठरत नव्हतं. दुपारी डबे उघडले तर चाचांनी डबा आणलाच नव्हता. आप्पांच्या डब्यात बाजरीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी. दोघांनी मिळून खाल्ली. चाचा राहिले. दर ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शीरखुर्मा यायचा, पितळी डब्यात, वर क्रोशाचा रुमाल. मी खाल्लेला आहे. खजूर जास्त आणि शेवया अगदी बारीक. त्या डब्यातून माझी आजी, माई, करंज्या घालून परत पाठवायची.

आणि त्याच वर्षी, आमच्या त्याच दोन खोल्यांत, दुसऱ्याच एका राज्याचे पैसे येऊन पडले होते. माई वेरूळकडची. म्हणजे तेव्हा निजामाच्या मुलखातली. तिथं हाली सिक्का चालायचा. नाण्यावर चारमिनार, आणि १९१८ पासून राज्याच्या स्वतःच्या कागदी नोटासुद्धा. इंग्रजी अमलातल्या रुपयाला तिकडे कलदार म्हणायचे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब माईला झोपेतही यायचा. माहेराहून निघालं की मनमाडला गाडी बदलायची आणि पैसेही बदलायचे. हाली नोटेवर उर्दू मोठ्या अक्षरात, पण मराठीही होतं, तेलुगू, कानडीही होतं, हे ती मुद्दाम सांगायची.

रझाकारांचा उपद्रव वाढला तसा तिकडून माणसांचा लोंढा मनमाड, नाशिककडे येऊ लागला. माईचा थोरला भाऊ बायकोमुलांसकट आमच्याकडे आला. भावजयीच्या लुगड्याच्या ओच्यात हाली नोटांची पुरचुंडी. मनमाडच्या दलालानं सातला सहा द्यायचे सोडून चारच देऊ केले म्हणून तिनं त्या विकल्या नाहीत, तशाच घेऊन आली. मग आप्पा संध्याकाळी घरी आले की तो सगळा कागद चटईवर मांडून बसायचे, हात लावून बघायचे, उजेडात धरायचे. मेव्हण्याला वाटायचं आपल्या पैशांचं काय होणार, आणि आप्पा सांगायचे, "कागद चांगला आहे हो, शाईपण चांगली आहे." सप्टेंबरात सैन्य हैदराबादेत गेलं, पाच दिवसांत निकाल लागला. हालीचं चलन त्यानंतरही काही वर्षं चालू राहिलं, पन्नासचं दशक सरेपर्यंत. मेव्हण्यांचे पैसे सातला सहा या दरानंच वटले. त्यातून त्यांनी एक म्हैस घेतली, हे माई सांगायची तेव्हा म्हशीचं नावही सांगायची. ते आता मला आठवत नाही, आत्यालाही नाही.

राजा गेला आणि नोटेवर काय आणायचं याचा विचार सुरू झाला. आधी गांधीजींचं चित्र ठरत होतं, पण शेवटी सारनाथचे सिंह ठरले आणि १९४९ ची एक रुपयाची नोट त्या सिंहांची निघाली. आप्पांच्या कपाटात एक भिंग होतं. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं. त्या भिंगातून त्यांनी मला सिंहाची आयाळ दाखवली होती. नुसत्या डोळ्याला ती काळसर दिसते. भिंगाखाली एकेक रेघ सुटी होते, काही जाड, काही केसाहून बारीक, आणि कुठंही एक रेघ दुसरीत मिसळत नाही. "ही रेघ पोलादात आधी हातानं कोरलेली असते," आप्पा म्हणाले. "त्या चरात शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि कागद एवढ्या जोरानं दाबायचा की चरातली शाई कागदावर उभी राहते." मग माझा अंगठा धरून त्यांनी नोटेवरून फिरवला. खरखरीत लागलं. खोट्या नोटेला ती खरखर नसते. म्हातारपणी मोतीबिंदूनं त्यांना दिसेनासं झालं तेव्हा भाजीवाल्याला पैसे देताना ते असेच अंगठ्यानं नोट वाचायचे.

पुढच्या नोटा माझ्याही आठवणीतल्या. दोन रुपयांवर वाघ, पाचावर हरणं, दहावर आधी शिडाचं जहाज आणि नंतर मोर. १९६९ ला गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या नोटा आल्या, बापू बसलेले आणि मागे वर्ध्याचा सेवाग्राम आश्रम. आप्पांनी त्यातली एकेक नोट घरातल्या प्रत्येक मुलाला ओवाळणीत दिली. पाच हजारांच्या नोटेवर तेव्हा गेट वे ऑफ इंडिया होता. जानेवारी १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. आमच्या गल्लीत कुणाला झळ लागली नाही. माईनं विचारलं, "तुम्ही तरी बघितली होती का हो ती दहा हजारांची?" आप्पा म्हणाले, कामावर बघितलेलं कामावरच ठेवायचं असतं. प्रेसमध्ये शिरताना खिशातला स्वतःचा पैसाही बाहेर ठेवावा लागे, खराब झालेल्या कागदाच्या तुकड्याचाही हिशेब लागे, आणि तो पुरा होईपर्यंत कुणी घरी जात नसे. अशा दिवशी माई दोनदा चूल पेटवायची, पण कधी कुरकुरली नाही. प्रेसमधल्या माणसांच्या घरांतल्या बायकांनी हे सगळं किती सांभाळलं, याची नोंद कुठंच नाही. नोटेवर गव्हर्नरची सही असते. माईनं घासलेल्या, शाईनं माखलेल्या त्या सदऱ्यांचीही त्यात जागा आहे, असं मला मनापासून वाटतं.

नोटेच्या मागच्या बाजूला भाषांची उभी पट्टी असते. तिच्यात मराठी आठव्या ओळीत, मल्याळमच्या खाली आणि नेपाळीच्या वर. माईला अक्षरओळख जेमतेम, पण ती ओळ ती बोटानं बरोबर शोधायची आणि मोठ्यानं वाचायची, दहा रुपये, शंभर रुपये. १९९६ ला गांधीजींच्या चेहऱ्याच्या नव्या नोटा आल्या तेव्हा तिनं पहिल्यांदा ती पट्टी जागेवर आहे ना हे बघितलं.

माई आता नाही. २०१९ मध्ये वीस रुपयांची हिरवट पिवळी नोट आली, मागे वेरूळची लेणी. तिच्या माहेरची. मी बँकेतून कोऱ्या करकरीत घेऊन आत्याकडे गेलो. आत्यानं दोन्ही हातांनी नोट घेतली, उलटी केली, मराठीची ओळ बघितली, मग चित्र डोळ्यांजवळ नेलं. "वेरूळ ना हे? मग घृष्णेश्वर कुठंय?" मी सांगितलं, हे लेणं आहे, देऊळ नाही. ती म्हणाली, "वेरूळला जाऊन घृष्णेश्वराला न जाता परत येतं का कुणी? आईनं तर ऐकूनच घेतलं नसतं." आणि चहाचं आधण ठेवायला उठली. जाताना ती नोट तिनं आप्पांच्या त्या जुन्या भिंगाखाली सरळ करून ठेवली, वर आलेपाकाची बरणी.