मिश्र संशोधनपद्धती

एकाच संशोधनप्रश्नासाठी संख्यात्मक व गुणात्मक अशी दोन्ही प्रकारची माहिती गोळा करून त्यांची सांगड घालणारी पद्धती. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, विकास-अर्थशास्त्र या क्षेत्रांत ती विशेष रूढ आहे. सर्वेक्षण, मोजमाप, दप्तरी नोंदी हे तिचे एक अंग. मुलाखती, गटचर्चा, निरीक्षण, रोजनिशी हे दुसरे. मात्र दोन्ही माहिती जमवली म्हणून संशोधन मिश्र ठरत नाही. प्रबंधाच्या एका प्रकरणात तक्ते, पुढच्यात मुलाखतींचे उतारे आणि दोहोंची गाठ कुठेच नाही, अशा कामाला हे नाव देणे चुकीचे आहे. कष्टाने मिळवलेल्या माहितीचा निम्मा उपयोग त्यात वायाच जातो.

पद्धतीला नाव मिळाले त्याच्या कितीतरी आधी तिचा उत्तम वापर झाला होता. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावात सगळ्यांचे पोट एका कापडगिरणीवर होते. ती बंद पडल्यावर मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांनी सहकाऱ्यांसह गावाचा अभ्यास केला. तो 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्या 478 कुटुंबांपैकी प्रत्येकाचे नोंदपत्रक तयार केले गेले. जेवणात काय होते, वाचनालयातून किती पुस्तके गेली, दिवस कसा गेला याच्या नोंदी जमवल्या. नुसते निरीक्षक म्हणून गावात वावरायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. म्हणून कपडेवाटप, वैद्यकीय तपासणी असे उपयोगी काम करता करताच ते माहिती मिळवत.

गावच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल त्यांनी घड्याळ लावून मोजली. सुमारे दोन-तृतीयांश पुरुष वाटेत किमान दोनदा थांबत. न थांबता मुक्कामी पोहोचणारा दहांत एखादाच. बायका भराभर चालत. एवढ्यावरून पुरुष आळशी झाले, असे कोणीही म्हणाले असते. दिनक्रमाच्या नोंदींनी खरे कारण दाखवले. बायकांची गिरणीतली मजुरी गेली होती, घरचे काम गेले नव्हते. तुटपुंज्या पैशात चूल चालवण्याने ते उलट अवघड झाले होते. पुरुषांना मात्र उठणे, जेवणे आणि झोपणे यांच्यामध्ये काय केले, हे सांगताच येईना.

या अभ्यासाचा कळस म्हणजे कुटुंबांचे चार प्रकार : न खचलेली, आहे त्यात भागवणारी, हताश आणि घराकडेही दुर्लक्ष करू लागलेली. ही वर्गवारी घरभेटींतून झाली. मुले नीटनेटकी आहेत का, पुढचे काही बेत आहेत का, घरात भांडणे किती, हे पाहून प्रकार ठरला. मग प्रत्येक प्रकारासमोर उत्पन्न मांडले गेले. दर खात्या माणसामागे (मूल प्रौढापेक्षा कमी धरून) महिन्याला सरासरी अनुक्रमे 34, 30, 25 आणि 19 शिलिंग. अवघ्या काही शिलिंगांच्या फरकाने घराची उमेद टिकत किंवा मोडत होती, हे ना नुसत्या आकड्यांतून दिसले असते ना नुसत्या घरभेटींतून. एकाच कुटुंबाच्या नावावर दोन्ही नोंदी होत्या, म्हणून ते दिसले.

1980 च्या दशकात संख्यावादी व गुणवादी अभ्यासकांत तीव्र वाद झाला. वास्तव आणि ज्ञान यांविषयीची दोन्ही परंपरांची गृहीतकेच वेगळी, तेव्हा त्यांचे मिश्रण शक्य नाही, असे अनेकांचे मत होते. कोणता प्रश्न सोडवायचा आहे त्यावरून साधन निवडावे, ही व्यवहारवादी भूमिका पुढे प्रबळ ठरली. 2007 मध्ये या पद्धतीला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले.

जॉन क्रेसवेल व विकी प्लॅनो क्लार्क यांनी सांगितलेले तीन आराखडे आज सर्वाधिक वापरले जातात. दोन्ही माहिती एकाच काळात घेऊन पडताळणे. आधी सर्वेक्षण करून त्यातल्या कोड्यांसाठी मुलाखती घेणे. आधी मुलाखती घेऊन लोकांच्याच शब्दांत प्रश्नावली घडवणे. दुसऱ्या आराखड्यात मुलाखतीची माणसे सर्वेक्षणाच्या निष्कर्षांवरूनच निवडावीत, नाहीतर दुवा तुटतो.

दोन्ही माहिती परस्परविरोधी निघाली तर तो दोष समजू नये. एन. एस. जोधा यांनी राजस्थानातील दोन गावांचा 1960 च्या व 1980 च्या दशकांत अभ्यास केला. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त 1988 मध्ये त्यांचा निबंध आला. ज्या कुटुंबांचे दरडोई वास्तव उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घटले होते, तीच कुटुंबे स्वतःच्या निकषांवर सुधारलेली दिसत होती. जमीनदाराकडे सालगडी म्हणून राबावे लागते का, तिसऱ्या वेळचे जेवण मिळते का, पायात नेहमी जोडे असतात का, माणसे आणि जनावरे एकाच खोलीत राहतात का, असे ते निकष होते. यांत आकडा खोटा नव्हता आणि माणसेही खोटे बोलत नव्हती. बड्यांवरचे अवलंबन कमी झाल्याचे समाधान उत्पन्नाच्या रकान्यात मावत नव्हते. अशा वेळी एक बाजू दडपून अहवाल गुळगुळीत करणे ही संशोधनाशी प्रतारणा आहे.

सांगड घालण्याचे प्रचलित साधन म्हणजे संयुक्त तक्ता. त्यात एका रकान्यात आकडे, शेजारी त्याच गटाची कथने आणि तिसऱ्यात दोन्ही मिळून निघणारा अर्थ असतो. हा तिसरा रकाना भरताना संशोधकाचा खरा कस लागतो. त्यासाठी प्रश्नावली आणि मुलाखत यांवर एकच सांकेतिक क्रमांक असावा लागतो, आणि जोखीमही तिथेच आहे. लहान गावात वय, धंदा, उत्पन्नगट आणि बोलण्याची ढब एकत्र छापली, तर नाव न देताही माणूस ओळखू येतो. त्यामुळे यांपैकी काय गाळायचे, हे तक्ता आखतानाच ठरवावे लागते आणि संमती घेताना दोन्ही माहिती जोडली जाणार असल्याचे त्या व्यक्तीला स्पष्ट सांगावे लागते.