सोन्याचा पाळणा

आमच्या गावाचे नाव सांगितले, की बाहेरगावची वडीलधारी माणसे लगेच म्हणतात, "जालना म्हणजे सोने का पालना!" म्हण मराठी नाही, दखनी आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि आमच्या बाजारपेठेच्या तोंडी हीच बोली असे. शाळेत ही म्हण सांगितली, की एखादा चौकस मुलगा हमखास विचारतो, "सर, मग आपल्याकडं सोन्याची खाण कुठंय?" खाण कोठेच नाही. वर काळी माती, मध्ये मुरूम, खाली काळा पत्थर. एवढेच आमचे धन. मग हे सोने आले कोठून? वर्गात तास संपतो आणि उत्तर राहून जाते. दिवाळीच्या निमित्ताने ते येथे देतो.

आधी शब्द पाहू. संस्कृताने या धातूला नावे देताना हात आखडला नाही. अमरकोशात ती एका दमात म्हणावी लागतात : सुवर्ण, कनक, हिरण्य, हेम, हाटक, चामीकर, कांचन, रुक्म, जांबूनद, आणि आणखीही. यांतली बहुतेक पोथीतच राहिली. हेमा आणि कांचन मुलींच्या नावांत उतरल्या. कनकाने धोतऱ्याशी नाव वाटून घेतले. आमच्या घरात आले ते एकटे सुवर्ण, तेही झिजून झिजून. सुवर्णाचे प्राकृतात 'सुवण्ण', 'सोण्ण' झाले आणि मराठीत 'सोने'. मूळ अर्थ 'चांगल्या रंगाचे' एवढाच. हे नाण्याचेही नाव होते. नाशिकच्या पांडवलेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात, 70,000 कार्षापणांचे 2,000 सुवर्ण, म्हणजे 35 कार्षापणांस एक सुवर्ण, असा हिशेब कोरलेला आहे. सोन्याचा भाव तेव्हा दगडावर कोरता येत होता; आज तो सकाळचा संध्याकाळी राहत नाही.

पण शब्दाची खरी गंमत कोशात नाही, बोलण्यात आहे. आमच्या बायका पाटल्या 'विकत घेतल्या' म्हणत नाहीत, 'केल्या' म्हणतात. आणि अडचणीत त्या 'विकल्या' म्हणत नाहीत, 'मोडल्या' म्हणतात. पाळण्यातले मूल 'सोनुले', चांगली माणसे 'सोन्यासारखी', भरभराटीच्या गावात 'सोन्याचा धूर'. संधी आली तर तिचे सोने करावे, आणि आयुष्य सत्कारणी लागले तर त्याचे सोने झाले. म्हणजे मराठी माणसाच्या लेखी सोने ही नुसती असण्याची वस्तू नाही, करण्याचीही आहे.

जालन्याचे सोने असेच केलेले होते. या गावाचे नाव एका जुलाह्यावरून, म्हणजे विणकर व्यापाऱ्यावरून, पडले अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पेठेची श्रीमंती मागाची आणि व्यापाराची होती हे तिने बरोबर सांगितले आहे. ही श्रीमंती दूरवर ठाऊक होती. 1679 च्या नोव्हेंबरात, दसरा उलटून गेल्यावर, शिवाजी महाराजांचे सैन्य मोगलांच्या या पेठेवर आले आणि चार दिवस जालनापूर लुटले गेले. श्रीमंत व्यापारी आपले जडजवाहीर घेऊन जान महंमद या साधुपुरुषाच्या आश्रयाला गेले होते. तेथेही ते वाचले नाही. परतीच्या वाटेवर संगमनेराजवळ मोगल फौजेने गाठले, मोठी लढाई झाली, आणि बहिर्जी नाइकाने आडवाटेने सैन्य पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. महाराजांनी तेथे विसावा घेतला, म्हणून तो विश्रामगड झाला.

त्या सोन्यातले आज एक गुंजही कोणाला दाखवता येणार नाही. पण जालन्यात दर दसऱ्याला अजूनही आम्ही 'सोने लुटतो' : आपट्याच्या पानांचे! कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या, रघुराजासाठी कुबेराने त्या पाडल्या, ही कथा घरोघर ठाऊक आहे. मला तिचा शेवट आवडतो. कौत्साने हिशेबापुरते घेतले, उरलेले राजाही ठेवीना, म्हणून ते लोकांना लुटायला मोकळे झाले. ज्या गावाने खरी लूट सोसली, त्याच गावात 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा' म्हणत लोक एकमेकांच्या हातावर पान ठेवतात आणि पाया पडतात.

आणि पाळणा? तो लुटीनंतरही हलत राहिला. 1900 साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे येथून सुरू झाली आणि कापूस तिच्यातून जाऊ लागला. त्याला आम्ही 'पांढरे सोने' म्हणतो. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे बियाण्यांची कंपनी काढली; 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 1981 साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला. आमच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन लाभले.

मोसंबीचे नाव निघाले, की मला दुसरे एक साल आठवते. 2012 चा पाऊस गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या. आमची तीनशे झाडे होती. विहीर कोरडी पडली, तेव्हा आईने हातातल्या पाटल्या काढून वडिलांपुढे ठेवल्या. त्या चार तोळ्यांच्या होत्या, तिच्या सासूने केलेल्या. सोनाराने तोलून पैसे मोजले आणि ते पैसे टँकरच्या पाण्यात गेले. निम्मी झाडे वाळलीच, उरलेली जगली. पुढे कोणाशी बोलताना मी म्हणालो, "आईच्या पाटल्या मोडल्या तेव्हा..." तर तिने आतून मला अडवले, "मोडल्या नको म्हणूस. बागंला घातल्या म्हण."

तेव्हापासून तो शब्द मी जपून वापरतो.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला पाटावर आता फारसे सोने नसते. आईचे मंगळसूत्र, दसऱ्याला जपून ठेवलेली आपट्याची पाने, कापसाची चार बोंडे आणि त्या बागेतली दोन मोसंबी, एवढे आम्ही मांडतो. वर्गातल्या त्या मुलाला मी हा पाट दाखवीन म्हणतो. जालन्याची खाण ती हीच.